आईला घेऊन हिचहायकिंग

माझं लग्न पहिल्यांदा जिथे फिसकटलं ते ठिकाण म्हणजे दैदहून मसाफीकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेचं एक घाफचं झाड. घाफ हे वाळवंटातलं चिवट झाड. सावली देतं, पण उपकार केल्यासारखी देतं. त्या शुक्रवारी त्याच्याखाली तीन माणसं उभी होती: मी, माझी आई, आणि ज्याच्याशी माझं लग्न जवळजवळ ठरलेलं होतं तो सुहास. आम्ही हिचहायकिंग करत होतो, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांकडे फुकट लिफ्ट मागत होतो. आईच्या हातात चार कप्प्यांचा डबा होता, माझ्या काखेत गुंडाळलेली चटई आणि सुहासच्या पाठीवरच्या सॅकमध्ये पाण्याचा मोठा कॅन. हल्ली कुणाच्या लग्नात ते प्री-वेडिंग शूट दाखवायला लागले की मला ते झाड आठवतं आणि हसू आवरत नाही. आमच्या शूटला कॅमेरा नव्हता, हे सुहासचं नशीब.

आम्ही तेव्हा बर दुबईत, मीना बाजारातल्या एका कापडदुकानाच्या वर राहत होतो. खाली दिवसभर कापडाची ठाणं काउंटरवर आपटली जात आणि तो धप्प धप्प आवाज आमच्या फरशीतून वर येई. सकाळी देवळाकडे जाणाऱ्यांची बोलणी, संध्याकाळी खाडीवरून अब्रांच्या, म्हणजे माणसं पलीकडे नेणाऱ्या होड्यांच्या, इंजिनांची फटफट, आणि या सगळ्यावर आमच्या एसीची घरघर. तो एसी बाबांनी कंपनीच्या टाकाऊ सामानातून आणला होता आणि तो हवेपेक्षा पाणीच जास्त द्यायचा. त्याच्याखाली ठेवलेली बादली भरली की आई ते पाणी बाल्कनीतल्या तुळशीला घालायची. बाबा हमरिया फ्री झोनमध्ये पाइप विकणाऱ्या एका कंपनीचे अकाउंट्स बघत. माझी धाकटी बहीण रूपा शाळेत होती, तिला मराठी पूर्ण समजायचं आणि ती उत्तर इंग्रजीत द्यायची. मी बी.कॉम. होऊन खाडीपलीकडे देऱ्यात एका कार्गो ऑफिसात कागद टाइप करत होते, आणि घरात माझ्या लग्नाचा विषय आमटीला फोडणी बसावी इतक्या नेमाने रोज निघत होता. गल्फमध्ये वाढलेली मुलगी म्हणजे पुण्याच्या लोकांना वाटायचं एसीत लाडावलेली असणार, आणि आमच्या इथल्या लोकांना वाटायचं पुण्याची स्थळं गल्फ म्हटलं की सोन्याचं वजन विचारणार. दोन्ही बाजूंचं बरंचसं खरं होतं.

सुहास आला तो वरच्या मजल्यावरच्या लिमयेकाकूंचा भाचा म्हणून. काकूंनी आपल्या खोल्या नोकरदार मुलांना बेड-स्पेसवर दिल्या होत्या, म्हणजे माणसागणिक खाट आणि खाटेगणिक भाडं. त्यामुळे सख्ख्या भाच्याला टेकायला त्यांच्याकडे जागा उरली नव्हती. "चार दिवसांचा तर प्रश्न आहे हो, तुमचा सोफा रिकामाच असतो," असं काकू म्हणाल्या आणि सुहास आमच्या सोफ्यावर आला. ते चार दिवस पुढे किती ताणले गेले ते मी सांगत नाही, पण तो गेल्यावर सोफ्याला मध्यभागी जो खळगा पडला होता तो आम्ही सोफा विकेपर्यंत तसाच होता.

तो पुण्याचा इंजिनिअर होता. नोकरी सोडून त्याने जोहान्सबर्गपासून व्हिक्टोरिया धबधबा, तिथून बोट्स्वाना, नामिबिया, केपटाउन असा सगळा प्रवास लोकांच्या गाड्यांना हात करून केला होता. आता दुबईमार्गे घरी जाऊन तो अमेरिकेतल्या एका कंपनीत रुजू होणार होता. यातला आफ्रिकेचा भाग मला आवडला आणि अमेरिकेचा भाग बाबांना. स्वतःची ओळख तो 'बजेट ट्रॅव्हलर' अशी करून द्यायचा. आमच्या घरात त्याचा अर्थ लवकरच स्पष्ट झाला: बजेट आमचं, ट्रॅव्हलर तो. आईने थालीपीठ लावलं की तो म्हणायचा, "काकू, नामिबियात मी दोन दिवस नुसत्या पावावर काढलेत." आणि मग ते दोन दिवस तो आमच्याकडे भरून काढायचा. रूपाने एकदा जेवताना सरळ सांगितलं, "ही इज फिनिशिंग माय शॅम्पू." आईने तिला डोळे वटारले, पण दुसऱ्या दिवशी बाथरूममध्ये शॅम्पूच्या जागी साबणाची वडी होती.

गोष्टी मात्र तो छान सांगायचा, हे नाकारून चालणार नाही. पहिल्या संध्याकाळी बोट्स्वानात त्याच्या ट्रकसमोर एक हत्ती आडवा आला होता. वरच्या मजल्यावर तीच गोष्ट सांगताना हत्तीण आणि पिल्लूही आलं. इथल्या मराठी मंडळाने शाळेच्या हॉलमध्ये चादर लावून त्याच्या स्लाइड्सचा कार्यक्रम ठेवला, तोवर कळप झाला होता आणि सुहास खाली उतरून त्या कळपाशी शांतपणे बोलला होता. हिचहायकिंगचे नियमही त्याने मंडळाला शिकवले. पहिला नियम, मिळेल ती पहिली लिफ्ट घ्यायची. दुसरा, सामान कमी. तिसरा असा की आफ्रिकेच्या त्या भागात अंगठा दाखवत नाहीत, हात लांब करून तळवा खाली-वर हलवतात. टाळ्या वाजल्या. प्रश्न विचारा म्हटल्यावर एका बाईंनी तिकडे ताक मिळतं का असं विचारलं आणि तो जरा हिरमुसला.

मला तो आवडला होता, हे इथेच सांगून टाकते. माझ्या ऑफिसातून टायर, ब्लँकेटं, प्लॅस्टिकच्या खुर्च्या असला माल आफ्रिकेत जायचा. लुसाका, हरारे, विंडहोक ही नावं मी रोज टाइप करत होते आणि माझ्या लेखी ती नुसती खोक्यांवर लिहायची नावं होती. हा माणूस त्या नावांच्या गावांत जाऊन आला होता. मक्याच्या पिठाच्या पोत्यांवर आडवं पडून रात्रभर आकाश बघत गेलो असं तो म्हणायचा, तेव्हा मी मनातल्या मनात त्या पोत्यांवर त्याच्या शेजारी जागा करून घेत होते. मी खाडीच्या पलीकडे फक्त ऑफिससाठी जात होते, मला आणखी लांब जायचं होतं, आणि आमच्यासारख्या घरातून मुलीला लांब जायची एकच सोय होती, ती म्हणजे नवरा. त्यामुळे काकूंनी जेव्हा जिन्यात आईला थांबवून "मग, काय ठरवताय?" असं विचारलं, तेव्हा माझं उत्तर 'हो' होतं. शुक्रवारी संध्याकाळी बाबा वर जाऊन होकार सांगणार होते.

गुरुवारी रात्री जेवताना सुहास म्हणाला, "काका, उद्या हिला मी लिफ्ट घेत घेत फुजैराला नेतो. माणूस रस्त्यावर कळतो."

बाबांनी लगेच हिशेब केला. "शेअर टॅक्सी माणशी पंचवीस दिरहम, म्हणजे अडीचशे रुपये. दोघांचे जाऊन-येऊन हजार. लिफ्ट फुकट. आयडिया वाईट नाही."

"ने की," आई म्हणाली. "मीही येते."

सुहासचा घास हातातच राहिला. "काकू, हिचहायकिंगला तिघं म्हणजे जरा... गाडी थांबत नाही."

"नाही थांबली तर नाही थांबली. लग्नाआधी मुलगी एकटी परक्या माणसाबरोबर रस्त्यावर उभी राहणार नाही."

यातला परका माणूस गाडीवाला की सुहास, हे तिने सांगितलं नाही आणि कुणी विचारलंही नाही.

पहाटेपासून ती स्वयंपाकघरात होती. पुऱ्या, बटाट्याची सुकी भाजी, दह्यात कालवलेला भात, लिंबाचं लोणचं, आणि वरच्या कप्प्यात रव्याचे लाडू. सामान कमी ठेवायच्या नियमाची सुहासने तिला आठवण करून दिली. "कमीच आहे," ती म्हणाली, "मी फक्त कोरडं घेतलंय." मग बसायला चटई आली, आणि पाण्याचा कॅन. कॅन जड होता, तो सुहासच्या सॅकमध्ये गेला. हे सगळं झाल्यावर, मला सांगायला आजही लाज वाटते, हिचहायकिंग सुरू करण्यासाठी बाबांनी आम्हाला आपल्या गाडीतून दैदच्या पुढे नेऊन सोडलं. शहरात कोण लिफ्ट देणार, असं त्यांचं म्हणणं. घाफच्या झाडाखाली आम्हाला उतरवून, "संध्याकाळी सहाच्या आत या, वर जायचंय," असं बजावून ते परत गेले. जरा पुढे जाऊन त्यांनी गाडी थांबवली, मागे येऊन माझी छत्री दिली आणि पुन्हा गेले.

सुहास रस्त्याच्या कडेला अंगठा काढून उभा राहिला. इथे आफ्रिकेची पद्धत का नाही, असं मी विचारलं तर म्हणाला, "इथले लोक वेस्टर्नाइज्ड आहेत." त्याची उभी राहण्याची ऐट खरंच बघण्यासारखी होती. एक पाय जरा पुढे, चेहऱ्यावर आपण मजेत आहोत असा भाव. त्याच्या मागे झाडाखाली चटई पसरून माझी आई बसली होती, पदर डोक्यावर, मांडीशी डबा. समोरून येणाऱ्याला दिसत काय असेल, ते मी हल्ली कधी कधी कल्पना करून पाहते. गाड्या वेग कमी करायच्या, आईकडे बघायच्या आणि वेग वाढवून निघून जायच्या.

एक टॅक्सी आपण होऊन थांबली. सुहासने तिला "नो नो, हिचहायकिंग" असं सांगून हाकललं. टॅक्सीवाला मल्याळी होता. त्याने आईला विचारलं, "बीमार है क्या?" आणि तो मान हलवत गेला. मग हळूहळू रस्ता रिकामा झाला. शुक्रवारची दुपार, नमाजाची वेळ. या देशात राहणाऱ्या कोणत्याही माणसाला ठाऊक असतं की त्या वेळी रस्त्यावर चिटपाखरू नसतं. आम्हालाही ठाऊक होतं. पण तज्ज्ञ माणूस बरोबर असला की आपल्याला ठाऊक असलेल्या गोष्टी आपण विसरतो. एप्रिल संपत आला होता, वारा गरम होता, छत्रीखाली मी आणि छत्रीबाहेर तो. त्याने मला नामिबियातल्या उन्हाबद्दल सांगितलं. तिथलं ऊन जास्त प्रामाणिक होतं म्हणे.

नमाज सुटल्यावर पहिली जी गाडी आली ती पांढरी जीप होती. पुढे एक गोरा आणि त्याची बायको, मागे तंबू, खोकी, कुत्रा. जीप थांबली. सुहास धावत गेला, खिडकीत वाकून बोलला, हसला. मग त्याने मागे वळून आमच्याकडे बघितलं. त्या बघण्यात क्षणभर काहीतरी हिशेब होता, तो मला दिसला.

"एकाचीच जागा आहे," तो ओरडून म्हणाला. "फुजैरापर्यंत. मी पुढे होतो आणि तुमच्यासाठी गाडी पाठवतो."

"गाडी कुठून पाठवणार?" मी म्हटलं.

"अरे, पहिली लिफ्ट सोडायची नसते. रूल आहे. तिकडे मसाफीच्या मार्केटपाशी कुणालातरी सांगतो. डोन्ट वरी, काकू."

आणि तो कुत्र्याशेजारी बसला, दार लागलं, जीप गेली. सगळं इतकं सहज झालं की मला राग यायलाही वेळ लागला. आधी मला वाटलं, तो गंमत करतोय, पुढे जाऊन थांबेल, जसे बाबा छत्री द्यायला थांबले होते. जीप लहान होत गेली आणि वळणावर दिसेनाशी झाली. तेव्हा आई म्हणाली, "पाणी त्याच्याकडे आहे."

त्यानंतर आम्ही किती वेळ तिथे होतो ते मला सांगता येणार नाही. त्याने पाठवतो म्हटलेली गाडी काही आली नाही. घसा कोरडा पडल्यावर डब्यातल्या पुऱ्यांचा विचारही नकोसा झाला. मोबाइल आमच्या घरात अजून यायचा होता. मला भीती वाटत होती आणि तिच्यापेक्षा जास्त शरम वाटत होती. संध्याकाळी बाबा वर जाऊन ज्याला होकार देणार होते त्या माणसाने मला उन्हात टाकलं होतं, आणि हे मी आईसमोर कोणत्या शब्दांत सांगायचं ते मला सुचत नव्हतं. कारण ते तिने बघितलंच होतं.

आई उठली, चटई झटकली, गुंडाळून माझ्या हातात दिली आणि रस्ता ओलांडून पलीकडच्या बाजूला गेली.

"इकडे कुठे? फुजैरा त्या बाजूला," मी म्हटलं.

"मला घरी जायचंय," ती म्हणाली.

आईचं माहेर संगमेश्वरच्या बाजूला, आत, डोंगराच्या पायथ्याला. तिथे एसटी दिवसातून एकदा यायची आणि तीही तिच्या मनात असलं तर. बाकी मग लाकडाचा ट्रक, दुधाची गाडी, आंब्याचा टेम्पो. शाळेला, बाजाराला, बाळंतपणाला माणसं अशीच जायची. त्याला तिकडे कुणी हिचहायकिंग म्हणत नाही, गाडी मिळाली म्हणतात. तिने डबा पायाशी ठेवला, हात खांद्यापासून सरळ बाहेर काढला आणि तळवा खाली करून हलवू लागली. चेहऱ्यावर मजेत असल्याचा भाव अजिबात नव्हता. मंडळाच्या हॉलमध्ये सुहासने शिकवलेली ती पद्धत माझ्या डोळ्यांसमोर होती, पण तेव्हा मला हसू आलं नाही. पहिली गाडी गेली, दुसरी थांबली.

एक जुनी पिकअप होती, मागे रिकाम्या कुंड्या खडखडत होत्या. चालवणारा म्हातारा पठाण मसाफीच्या मार्केटमध्ये रोपं विकून शारजाला परत चालला होता. "आओ अम्मा, आओ," म्हणत त्याने पुढची सीट आपल्या हाताने झाडली. आई मध्ये बसली, मी खिडकीशी. त्याने काही न विचारता पायाशी ठेवलेला पाण्याचा लाल जग आमच्याकडे सरकवला. आम्ही आळीपाळीने इतकं प्यायलो की मला पुढे पोटात पाणी डुचमळताना ऐकू येत होतं.

जरा वेळाने तो म्हणाला, "सुबह मैं उधर से गुजरा था, तब तुम तीन थे. एक बाबू था, अंगूठा दिखाता था. दामाद है?"

मी खिडकीबाहेर बघायला लागले. आईने जगाचं झाकण घट्ट लावलं.

"नहीं भाईसाब," ती म्हणाली. "वो ऐसाच रस्ते में मिला था."

बस, एवढंच. माझं लग्न त्या वाक्याने संपलं, आणि मला कुणी विचारलं नाही याचा मला राग यायला हवा होता. तो आला नाही. इतकं हलकं मला तोवर कधी वाटलं नव्हतं. अपमान होता तो होताच, विंडहोक आणि लुसाका पुन्हा खोक्यांवरची नावं झाली होती त्याचं दुःखही होतं, पण सगळ्यात जास्त मला भूक लागली होती. आईने डबा उघडला. त्या म्हाताऱ्याने, एव्हाना तो आमच्यासाठी खानचाचा झाला होता, गाडी कडेला घेतली, आणि दैदच्या अलीकडे एका पेट्रोल पंपाच्या सावलीत आम्ही तिघांनी पुऱ्या-भाजी संपवली. लोणचं त्यांना तिखट लागलं. लाडू त्यांनी दोन खाल्ले आणि एक बायकोसाठी मागून घेतला. शारजात उतरताना ते म्हणाले, "लड़की की शादी में बुलाना." आई म्हणाली, "इन्शाल्ला."

घरी बाबा इस्त्रीचा शर्ट घालून तयार होते. आईने त्यांना आतल्या खोलीत नेलं, दार लावलं. बाहेर आल्यावर त्यांनी शर्ट काढून बनियनवर टीव्हीसमोर बसणं पसंत केलं. त्यांच्या तोंडून मी तेव्हा एकच वाक्य ऐकलं, "पण अमेरिका होती हो." ते कुणाला उद्देशून होतं कुणास ठाऊक.

सुहास दिवेलागणीला आला, शेअर टॅक्सीने, ताजातवाना. "अरे, तुम्ही होतात कुठे? मी गाडी पाठवली होती." कुठली गाडी, कुणाची, हे तो सांगू शकला नाही, पण गोऱ्या जोडप्याची गोष्ट मात्र तोवर तयार झाली होती आणि तिच्यात त्या कुत्र्याने त्याच्या मांडीवर डोकं ठेवलं होतं. जीपमध्ये आइसबॉक्स होता, त्यांनी त्याला पेप्सी पाजली. बोलता बोलता त्याने सॅकमधून कॅन काढला आणि ओट्यावर ठेवला. कॅन काठोकाठ भरलेला होता. झाकणाचं सीलही तुटलेलं नव्हतं. आईने तो उचलून कोपऱ्यात नेऊन ठेवला. त्या संध्याकाळी त्याला आमच्याकडे जेवायला मिळालं नाही. माझ्या आठवणीत आमच्या घरातून उपाशी गेलेला तो एकमेव पाहुणा.

आता गंमत पुढे आहे. दुसऱ्या दिवशी नकार घेऊन लिमयेकाकूच खाली आल्या, आणि तो नकार सुहासचा होता. "वाईट वाटून घेऊ नका," त्या म्हणाल्या, "पण तो म्हणतो, मुलीत साहस नाही. मध्येच घाबरून घरी पळून आली." बाबांचा चेहरा पडला. मी तोंड उघडणार होते, पण आईने काकूंना चहा दिला, वर शंकरपाळ्या दिल्या आणि म्हणाली, "खरंय. आम्ही घाबरट." काकू गेल्यावर मी तिच्यावर चिडले. निदान खरं काय ते सांगायचं होतं. ती म्हणाली, "सांगून काय? मंडळात उद्या त्याचीही स्लाइड दाखवेल." आणि खरंच, बऱ्याच वर्षांनी कुणीतरी मला एका दिवाळी अंकातला त्याचा लेख दाखवला. अरबस्तानच्या वाळवंटात तो भर दुपारी एकटा उभा होता, पाण्याशिवाय. आम्ही दोघी त्यात नव्हतो. घाफचं झाड होतं.

आईने मात्र तो कॅन टाकला नाही. माझ्यासाठी पुढे जी जी स्थळं आली, त्या प्रत्येकाला ती कुठेतरी चालत न्यायची, खाडीच्या कडेने, नाहीतर मुमझारच्या समुद्राकाठी, आणि निघताना कॅन मुलाच्या हातात द्यायची. पगार, शिक्षण बाबा विचारायचे, ती काही विचारायची नाही. एकाने कॅन माझ्याकडे दिला. एकाने गाडीतच विसरला. शेवटी जो आला तो अबू धाबीहून आला होता, मुसफ्फ्याच्या एका वर्कशॉपमध्ये सुपरवायझर. त्याने कॅन उचलला, थोडं चालल्यावर थांबला, सील तोडलं आणि आम्हा सगळ्यांच्या आधी उभ्या उभ्या घटाघटा प्यायला. शर्टाच्या बाहीने तोंड पुसलं आणि मग उरलेला कॅन आईपुढे धरला. मी कपाळाला हात लावला. घरी आल्यावर मी आईला म्हटलं, "हा तर आधी स्वतःच प्यायला."

"चालेल," आई म्हणाली. "निदान समोर प्यायला."